दुसरं ताट

चौऱ्याहत्तर साली सांगलीच्या जेलात मी समाजसेविका म्हणून लागले. कैदी मला बाई म्हणायचे आणि शिपाई माझ्यामागं 'जेलची मावशी'. म्हणोत बापडे. कैद्याच्या गावी जायचं, माणसं काय म्हणतात ते विचारून यायचं, हे माझं काम.

कृष्णात उंब्रजचा. पाटाच्या पाण्यावरनं भांडण झालं, त्यानं चुलतभावाच्या डोक्यात खोरं घातलं. भाऊ, मानसिंग, जागीच गेला. आता कृष्णातची आई अंथरुणाला खिळली होती आणि तिला बघायला त्याला पॅरोल हवा होता. मेलेल्याच्या घरच्यांनी हरकत घेतली की संपलं.

म्हणून मी एसटीनं उंब्रज गाठलं. मानसिंगची बायको हरणाबाई तिच्या घरी नव्हती. सापडली ती कृष्णातच्याच घरात, म्हातारीला पेज भरवत. मी गारच पडले.

"दुसरं कोण हाय तिला?" ती म्हणाली. "येऊ द्या त्यास्नी. माजी हरकत न्हाई. पर एक दुपार माज्या घरी जेवाय यायचं, म्हनावं."

भावकीतलं वैर शेवटी पंगतीलाच मिटतं. मला वाटलं, कृष्णात ऐकून आनंदानं रडेल. तर हा बाबा भिंतीकडं तोंड करून बसला.

"मी न्हाई जात, बाई. तिच्या हातचा घास गिळू कसा?"

माझं टाळकंच सरकलं. "अरे मुडद्या, तिकडं आई डोळ्यांत प्राण आणून वाट बघतेय! खोरं उचलताना लाज वाटली नाही, आता वाटतेय होय?"

गेला एकदाचा. मुदतीत परतही आला. आईनं ओळखलं, गालावरनं हात फिरवला, एवढं त्यानं आपणहून सांगितलं. मला बरं वाटलं.

"आणि हरणाबाईकडं जेवलास?"

"जेवलो. शेजारीशेजारी दोन ताटं वाढली हुती तिनं. मला वाटलं, दुसरं तिचंच आसंल. माजं झालं, हात धुवाय उठाय लागलो, तर म्हनाली, 'संगट बसल्यावर आदी उठू नये, भावजी. त्यांचं व्हायचं हाय अजून.'"

"मग?"

"मग काय, बाई. बसलो. दिवा लावायची येळ झाली तरी बसलोच हुतो."