कोपऱ्यातली खाच

खंडेनवमीला हत्यार लपवायचं नसतं, म्हणून चिंतामणराव लिमयांनी ड्रॉवरमधला लोखंडी साचा काढून कार्ड-मशीनसमोर पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला. नेमका तेव्हाच मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर वार्षिक तपासणीसाठी दारात उभा राहिला.

सांगलीजवळच्या त्या साखर कारखान्यात कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे १९७१ पासून मशीन ठरवत असे. म्हणजे चिंतामणराव कार्डांना भोकं पाडत आणि मशीन ती वाचून पाळ्यांची यादी छापत असे. कार्ड मात्र कंपनीचंच लागे. त्याच्या डाव्या कोपऱ्यात अर्धगोल खाच होती. ती नसली की मशीन लाल दिवा लावून बंद पडे. खाचेचं एवढंच काम.

गेल्या हंगामात मुंबईहून तीन आठवडे कार्डं आली नाहीत आणि फडात ऊस वाळायला लागला. चेअरमन लालासाहेब ऑफिसात येऊन म्हणाले, "कायतरी करा चिंतामणराव. मानसं मला रस्त्यानं जाऊ देईनात." चिंतामणरावांनी छापखान्यातून साधी कार्डं आणली आणि कुपवाडला लेथवर सुटे भाग घडवणाऱ्या बिराप्पाकडून खाच पाडायचा साचा करून घेतला. मशीनने ती कार्डं मुकाट्याने वाचली. वार्षिक सभेत लालासाहेबांनी स्वतःच्या दूरदृष्टीचा थोडक्यात उल्लेख केला.

इंजिनिअरने साचा उचलला, रुमालाने हळद पुसली आणि करारातलं कलम वाचून दाखवलं. परकी कार्डं वापरली तर कंपनी भाड्याने दिलेलं मशीन उचलून नेणार. गाळप पंधरा दिवसांवर आलं होतं. चेअरमनांच्या खोलीचं दार अर्धा तास बंद राहिलं. मग चिंतामणरावांना आत बोलावलं.

"हे तुमी आमाला न इचारता केलंय, व्हय ना?" लालासाहेबांनी खिडकीकडे बघत विचारलं.

"हो."

इंजिनिअरचं तेवढ्यावर भागेना. साचा घडवणाऱ्याचं नाव हवं होतं. कंपनी त्याच्यावर दावा लावणार होती. बिराप्पाचं सगळं घर एका जुन्या लेथवर चालत होतं.

"मीच घडवला," चिंतामणराव म्हणाले.

"लेथवर?"

"लेथवर."

इंजिनिअरने त्यांचे हात पाहिले. बोटांवर शाईशिवाय काही नव्हतं. पण कागदावर एका नावाची जागा रिकामी होती, ती त्याने भरली.

कंपनीची कार्डं पौषाच्या आत येणार नव्हती. तोवर पाळ्या चेअरमन स्वतः तोंडी सांगणार होते. त्यांच्या ऊसवाल्या पै-पाहुण्यांना ही व्यवस्था पसंत पडली. राहता राहिले चिंतामणराव. त्यांना मशीनजवळ ठेवायचं नाही, अशी कंपनीची अट होती.

"लेथ येतीया म्हणता न्हवं, मग वर्कशॉपला जावा की," लालासाहेब म्हणाले. "अंगातली कला वाया कशाला घालवायची?" ते हसले नाहीत. आपण माणसाला सांभाळून घेतलं, असंच त्यांना वाटत होतं.

सोमवारी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, चिंतामणराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वर्कशॉपात गेले. त्यांनी लेथभोवती एक फेरी मारली, बाह्या दुमडल्या आणि फिटर गुंडाला हळूच विचारलं,

"हे चालू कुठून करतात?"

कारखान्यात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. गुंडाने हातातली कानस ठेवली, आपलं स्टूल धोतराच्या सोग्याने पुसून पुढे सरकवलं.

"बसा आवं आदी."

"नको," चिंतामणराव म्हणाले. "दाखव."