चित्राखालची पाटी

बोईसरच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात मालक निमेशभाईंनी स्वागतकक्षात चित्र लावलं: पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन निसर्गचित्राची भिंतभर नक्कल. हिरवट नदी, काठावर एका बाजूला वाकलेली झाडं, रिकामी टोपली घेतलेली बाई, नदीकडे पाठ केलेला माणूस. अर्थ अजून कुणालाच लागलेला नाही, म्हणून त्यांना ते फार आवडलं.

शुक्रवारी पर्यावरण पुरस्काराचे परीक्षक येणार. त्याआधी दीपाने चित्राखालची पाटी लिहायची. पसंत पडली, तर तीन वर्षं कंत्राटावर असलेली दीपा कायम.

पहिला मसुदा
बाई म्हणजे आत्मा. माणूस म्हणजे विवेक. नदी म्हणजे काळ.

"दीपाबेन, यात आपली कंपनी कुठे?"

दुसरा मसुदा
माणूस म्हणजे आपली कंपनी.

"मग तो पाठ करून का उभा आहे?"

तिसरा मसुदा
(कोरा. दीपा चित्राकडे बघत बसलेली. लादी पुसायची सोडून चिंचणीची हिरामावशीही.)

"ही बाय मासं न्यायला आली, पन तिची टोपली भरायची नाय."

"कशावरून, मावशी?"

"पान्यावर एक पाखरू दाव. बगला नाय, कावला नाय. आमी जालं टाकायच्या आदी पाखरं बगतो. पाखरू नाय तर पानी मेलेलं. आपल्या मागच्या नाल्यावानी."

चौथा मसुदा
या नदीवर एकही पक्षी नाही. बाईला ते कळलं आहे. माणसालाही, म्हणून त्याने तोंड फिरवलं आहे.

निमेशभाईंनी दोनदा वाचलं. मग उठून नाल्याकडची खिडकी लावून घेतली.

"पाटी नंतर बघू. आधी चित्र दुरुस्त करू."

गुरुवारी दुकानांचे बोर्ड रंगवणारा रूपेश मनोरहून आला आणि नदीकाठी सात पांढरे पक्षी बसवून गेला. दीपाच्या टेबलावर नेमणुकीचं पत्र आलं. त्यावर सही मात्र नवी पाटी वाचून होणार होती.

हिरामावशी फडकं हातात धरून थांबली.

"झाडं कुटं वाकलीत बग. नि ही पाखरं वाऱ्याला पाठ करून बसलीत. जितं पाखरू असं बसत नाय गो, पिसं उलटतात."

दीपाने झाडांकडे बघितलं. मग पत्राकडे.

अंतिम मसुदा
ही नदी जिवंत आहे. काठावरचे सात पक्षी पाहा. वारा नेमका कुठून वाहतो, हे या चित्राचं न उलगडलेलं गूढ आहे.

शुक्रवारी सकाळी मावशीने पाटी पुसून लख्ख केली.

"झालीस ना कायम, बाय?"