तेजदात्याचा काळोख

पाचशे माणसं श्वास रोखून एका फोटोकडे बघत होती. भिंतभर पडदा, पडद्यावर पांढरंशुभ्र मैदान आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध एक चेहरा. काळवंडलेला, गालफडं बसलेला, डोळ्यांखाली खड्डे पडलेला. मागच्या रांगेतल्या एका बाईनं "अरेरे, बिचारा!" असा सुस्कारा सोडला. तो बिचारा म्हणजे माझा दादा. तो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता आणि वहिनीनं त्याचा हात घट्ट धरला होता.

रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते, पण हॉलचे जाड पडदे ओढून आत अंधार केला होता. व्यासपीठावर पांढऱ्या सुटात, कानाला माईक लावून तेजदाता उभा होता. हे नाव त्याचं त्यानंच ठेवलेलं.

"फोटो म्हणजे काय? कागद? नाही! ठिपके? नाही! फोटो म्हणजे आत्म्याचा ठसा. माणूस खोटं हसेल, ठसा खोटं हसणार नाही. बघा, किती काळोख! हा काळोख यांच्या फुफ्फुसात बसलाय. मी तो ओढणार. टाळ्या नकोत मला, तुमचे श्वास हवेत!"

मग अकरा मिनिटं त्याचं गुणगुणणं चाललं. मधमाश्यांचं पोळं माईकसमोर धरल्यासारखं. बाजूच्या टेबलावर त्याचा मेहुणा लॅपटॉपशी बसला होता. पडद्यावरचं पांढरं हळूहळू मळकट झालं, मग राखाडी, मग पाटीसारखं आणि शेवटी काळंकुट्ट. आणि दादाचा चेहरा? तो उजळला. गालांवर तकाकी आली. खड्डे भरल्यासारखे वाटले. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"दिसला का काळोख?" तेजदाता गरजला. "चेहऱ्यातून निघाला आणि भोवती साचला! हीच ती व्याधी! मेहुण्यांना विचारा, फोटोच्या एका ठिपक्याला आम्ही हात लावलेला नाही!"

वहिनी हुंदके देत होती. आणि खरं सांगते, वीस वर्षं फोटो स्टुडिओत लोकांचे चेहरे साफसूफ करण्यात घालवलेली मी, मीसुद्धा आ वासून बघत होते. त्याची लाज मला आजही वाटते.

दादा छापखान्यात बाइंडर. त्याला क्षयरोग झाला होता. छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या, एकही दिवस चुकवायचा नाही असं तीनदा बजावलं होतं. दोन महिने झाले होते. खोकला कमी होता, भूक परत आली होती. ते सगळं गोळ्यांचं काम होतं आणि श्रेय उपटायला हा पांढरा सूट आला होता. शेवटी तो काय म्हणाला ते ऐका:

"मी कोणाला औषध सोडा म्हणत नाही हं. पण गोळी काळोखाला आत कोंडते. कोंडलेला काळोख मी ओढायचा कसा? निर्णय तुमचा."

असला सोवळा बदमाश मी दुसरा पाहिला नाही. मरणाऱ्यानं मरायचं, आणि निर्णयही त्याचाच!

मग मी माती खाल्ली. माझा संताप माझ्या अकलेच्या पुढे धावला. मी तिथंच उभी राहून ओरडले, "यानं चेहऱ्याला हात लावलाय! मी रोज हेच काम करते. उजेड वाढवलाय, डाग पुसलेत. तपासा!"

तेजदात्यानं हात जोडले. "जरूर तपासा, ताई."

आमच्या भागातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस हॉलमध्ये होता. सरळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो वर गेला. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी उघडून त्यानं दादाच्या कपाळावरचा, गालावरचा, हनुवटीवरचा ठिपका न् ठिपका तपासला. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचे आकडे असतात, ते त्यानं मोठ्यानं वाचले. पहिल्यात जे, तेच दुसऱ्यात. मी स्वतः वर जाऊन पाहिले. तेच.

"चेहरा अजिबात बदललेला नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

हॉल टाळ्यांनी दणाणला. मी तोंडघशी पडले. चेहऱ्याला हात न लावता चेहरा उजळला, म्हणजे चमत्कारच, नाही का? त्या दिवशी तेजदात्याला जेवढे भक्त मिळाले तेवढे त्याच्या गुणगुणण्यानं कधी मिळाले नसते. ते मी मिळवून दिले.

त्याच संध्याकाळी वहिनीनं गोळ्या बंद केल्या.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? चार महिने राहिलेत अजून!"

"वन्सं, तुम्ही सगळ्यांसमोर तोंड उघडलंत आणि काय झालं ते पाहिलंत ना? आता पुरे. ह्यांचा चेहरा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"दादा, तू तरी बोल."

दादा खिडकीकडे बघत म्हणाला, "घरात भांडणं नकोत मला." आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं नीट शिवणारा माणूस, स्वतःच्या जिवाच्या बाबतीत असा ढिला.

दीड महिना गेला. दर रविवारी तेजदाता व्यासपीठावरून माझी आठवण काढायचा. "ती अविश्वासी बहीण कधी येणार क्षमा मागायला? आम्ही तिलाही तेज देऊ!" लोक हसायचे. इकडे दादाचा खोकला परतला. एकदा मी त्याच्या हातातला रुमाल ओढून घेतला, तर त्यावर रक्त होतं. वहिनी म्हणाली, "काळोख बाहेर पडतोय." माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ठिपके खरंच तेच होते.

उत्तर दिलं एका गिऱ्हाईक बाईंनी. त्यांना दोन कचेऱ्यांत फोटो द्यायचे होते. एका ठिकाणी मागे पांढरा रंग हवा, दुसऱ्या ठिकाणी गडद. मी एकच फोटो घेतला आणि मागचा रंग बदलून दोन्ही तयार केले. बाईंनी स्क्रीनवर ते शेजारीशेजारी पाहिले आणि नाक मुरडलं.

"या पांढऱ्यातल्या फोटोत मला काळी केलीत हो तुम्ही. तो दुसरा चेहरा लावा इथं."

"बाई, चेहरा तोच आहे. मागच्या पांढऱ्यामुळे तसं..."

वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. हे वाक्य मी महिन्यातून दहा वेळा बोलते! भगभगीत पांढऱ्याशेजारी तोच गाल काळपट दिसतो, काळ्याशेजारी तोच गाल उजळतो. डोळा कोणताही रंग एकटा मोजत नाही, शेजाऱ्याशी तुलना करून सांगतो. म्हणून तर आम्ही काम करताना स्क्रीनभर मध्यम राखाडी ठेवतो. आणि दीड महिना मी चेहरा तपासत बसले होते! चोर चेहऱ्यात नव्हताच. तो चेहऱ्याच्या भोवती उघडाउघडा पसरला होता आणि त्यालाच "बाहेर पडलेली व्याधी" म्हणून तेजदाता आमच्याकडून नमस्कार घालून घेत होता.

घरी सांगायला गेले, तर वहिनीनं दारातच अडवलं. "मागेही तुम्हाला असंच सगळं कळलं होतं." चूक माझी होती, म्हणून ते ऐकून घेतलं.

मग मी तेजदात्याला निरोप पाठवला की मी क्षमा मागायला येते आहे. छापखान्यातून पुठ्ठ्याची कातरणं आणली, तळहाताएवढे पाचशे तुकडे कापले आणि प्रत्येकाला वाटाण्याएवढं भोक पाडलं. रविवारी दारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकांना सांगितलं, "तेज बघायच्या पट्ट्या आहेत." त्यांनी त्या इतक्या भक्तिभावानं वाटल्या की मलाच हसू आवरेना.

तेजदात्यानं मला वर बोलावलं. "बोला ताई. मन मोकळं करा."

"माझी चूक झाली," मी माईकवर म्हणाले. "मी म्हटलं होतं, यांनी चेहरा बदलला. ते खोटं होतं. यांनी चेहऱ्याला हात लावलेला नाही. बरोबर ना?"

"एका ठिपक्यालाही नाही!"

"मग आज दादाचाच फोटो लावा. सुरुवातीचा, काळोखाचा."

मेहुण्यानं लावला. पांढऱ्यावर काळवंडलेला चेहरा. सुस्कारे सुरू झाले.

"आता ती पट्टी घ्या. एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर भोक धरा आणि त्यातून फक्त दादाचा गाल बघा. भोवतालचं पांढरं दिसता कामा नये. काय दिसतं?"

पट्ट्या डोळ्यांसमोर गेल्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अगं बाई! उजळला!"

"पट्टी काढा."

"काळा झाला!"

"परत धरा."

"उजळला!"

पाचशे माणसं पट्ट्या खालीवर करू लागली. एक म्हातारबुवा लहान मुलासारखे खदखदत होते. गुणगुणणं नाही, श्वास नाही, काळोख ओढणं नाही. वाटाण्याएवढं भोक आणि पुठ्ठ्याचा तुकडा!

"हे... हे माझ्या उपस्थितीचं तेज आहे!" तेजदाता म्हणाला. घाम फुटला होता त्याला.

"तर मग तुम्हीच उभे राहा की पांढऱ्यावर!" खालून आवाज आला. "ह्यांचा फोटो लावा!"

मेहुणा गांगरला. पाचशे माणसं एकदम ओरडली की कोणीही गांगरेल. त्यानं तेजदात्याचा छापील जाहिरातीतला फोटो पांढऱ्यावर टाकला. काय सांगू! जाहिरातीत काळ्यावर देवदूतासारखा झळकणारा तो चेहरा इथं कावीळ, हगवण आणि कर्ज तिन्ही एकदम झाल्यासारखा दिसत होता. हॉल हसून हसून लोळला.

मला मात्र हसू येत नव्हतं. "नीट ऐका," मी म्हणाले. "चेहरा बदललेला नाही, हे हा माणूस स्वतःच शपथेवर सांगतोय. कॉम्प्युटरवाल्यांनी तपासून सांगितलं. मीही सांगते. चेहरा आधी होता तसाच आहे. मग बरं झालं कोण? बदलला तो फक्त मागचा रंग. रंग बदलून जंतू मरत नाहीत. माझा भाऊ रक्त थुंकतोय."

हसणं थांबलं. पहिल्या रांगेत दादा पट्टी डोळ्यासमोर धरून अजून पडद्याकडेच बघत होता. धरायचा, काढायचा, परत धरायचा. मग वहिनी उठली. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण ती तेजदात्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ह्यांनी मागितल्या होत्या गोळ्या," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की माईकमुळेच ऐकू आला. "परवा हे म्हणाले, दे गं, श्वास लागतोय. मी दिल्या नाहीत. तुझं ऐकून मी दिल्या नाहीत."

तेजदाता मेहुण्याकडे बघत होता. मेहुणा लॅपटॉप मिटत होता. माणसाला माणूस मारतो तेव्हा निदान त्याच्याकडे बघतो तरी. या भामट्यानं वहिनीकडे नजरसुद्धा वळवली नाही.

पुढच्या आठवड्यात ते दोघे पसार झाले. दुसऱ्या कुठल्या तरी हॉलचे पडदे ओढून आज ते गुणगुणत असतीलच. आमच्याकडेही काही जण अजून म्हणतात, "काहीतरी शक्ती होती बरं का त्यांच्यात." त्यांच्यापुढे मी हात टेकलेत.

दादाचे उपचार पहिल्यापासून सुरू झाले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासण्या केल्या आणि सांगितलं, मध्येच औषध सोडल्यामुळे जंतू चिवट झालेत, आता दीड वर्ष लागेल, गोळ्याही जास्त कडक. सहा महिन्यांत संपणारं दुखणं एका रंगाच्या पडद्यानं दीड वर्षाचं केलं. म्हणून कळकळीनं सांगते, डोळ्यांनी पाहिलं म्हणजे सिद्ध झालं असं समजू नका. कोणी चमत्कार दाखवला तर तो ज्याच्याकडे बोट दाखवतो, तेवढंच बघू नका. त्याच्या आजूबाजूला काय बदललं ते बघा, बाकीचं झाका आणि मग पुन्हा बघा. आणि काही झालं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

परवा महिन्याच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो होतो. काट्यावर दादाचं वजन दोन किलोनं वाढलेलं निघालं. मी आनंदानं टाळी वाजवणार, एवढ्यात वहिनी पुढे झाली.

"डॉक्टर, ह्यांना खाली उतरवा. काटा आधी शून्यावर येतो का दाखवा. बूट काढायला लावा, खिसे रिकामे करायला लावा. आणि मग परत मोजा."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दादाला खाली उतरवलं, काटा शून्यावर आणून दाखवला आणि परत मोजलं. बूट काढूनही सव्वा किलो वाढ होती. वहिनीनं तो आकडा तीनदा वाचला आणि मगच ती रडली.