निम्मं म्हणजे किती

कमलबाईंचा फोन आला तेव्हा शिवकन्या वॉर्डात एका म्हातारीला सलाइन लावत होती.

"लवकर ये. श्रीदेवीचा बाप आलाय. पोरीला गावाकडं, राजेश्वरला न्यायलोय म्हणायलाय. मी दार लावून घेतलंय, पण किती वेळ थोपवू?"

तिनं सुई नीट बसवली, वर पट्टी चिकटवली. दुसऱ्या सिस्टरवर वॉर्ड सोपवून ती रिक्षानं नौबादच्या पाळणाघराकडं निघाली.

घटस्फोट झाला तेव्हा पोरगी आईकडं राहील आणि तिच्या शाळेचा, सांभाळण्याचा खर्च दोघं निम्मा-निम्मा करतील, असं कोर्टात ठरलं होतं. सिद्धेश्वरचं तेव्हा राजेश्वरात भावासोबत खत-बियाण्यांचं दुकान होतं. निम्मं त्याला जड नव्हतं. आई ड्यूटीवर असली की पाच वर्षांची श्रीदेवी कमलबाईंच्या पाळणाघरात राहायची. पण दिवाळीपासून सिद्धेश्वरनं एक रुपया दिला नव्हता. फोन केला की 'बघू' म्हणायचा. तिकडं नवं घर बांधायलेत, असं मात्र शिवकन्याच्या कानावर आलं होतं. जादा ड्यूट्या करकरून ती पिचली, आणि शेवटी गेल्या आठवड्यात तिनं त्याला वकिलाची नोटीस पाठवली. ती मिळताच हा इथं हजर झाला होता.

तो पायरीवर बसला होता. तिला बघताच उठला.

"घरी माझी आई हाय. आजी असताना पोरीला परक्याकडं ठेवून पैसे कामून मोजायचे? तिकडंबी शाळा हाय."

"कोर्टानं पोरगी माझ्याकडं दिलीय."

"आन् खर्च माझ्याकडं, व्हय?"

"निम्मा! तोबी बुडवलात. घर बांधायला बरे पैसे हायत."

"घर भावाचं हाय!" तो इतक्या जोरात ओरडला की समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला. "दुकानबी त्याचंच झालं. मी दुसऱ्याचा पिकअप चालवायलोय. पहाटे भाजी घेऊन येतो हितल्या मार्केटात. दे म्हणायलीस, कुठून देऊ?"

खिडकीचे गज धरून उभी असलेली श्रीदेवी मोठ्यानं रडायला लागली.

शिवकन्याचा आवाज उतरला. "मग सांगितलं कामून न्हाई?"

"तुला? हसली असतीस."

हसली असती, हे तिला ठाऊक होतं. पण कीव काही आली नाही. याच्या ताठ्यापायी आपण इतके महिने दुहेरी राबलो, याचाच संताप आला.

कमलबाईंनी दार उघडलं. "भांडायचं तर आत बसून भांडा. पोरगी भ्यायलीय."

श्रीदेवी आईच्या कमरेला बिलगली. सिद्धेश्वरनं तिच्याकडं हात केला, तशी ती आईच्या मागं सरकली. त्याचा चेहरा पडला. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

शिवकन्याच आधी बोलली. "माझा पगार आता तुमच्यापेक्षा जास्त हाय. जास्तीचा भार मी घेते. तुम्ही चौथा हिस्सा द्या, पण मागायची वेळ आणू नका."

"मला दान नको."

"दान न्हाई. मार्केटातून दुपारी मोकळे होताव ना? मंगळवारी आन् शुक्रवारी शाळेतून पोरीला तुम्ही आणायचं, मी येईपर्यंत माझ्या घरी सांभाळायचं. कमलअक्काचे तेवढे पैसे वाचतील. तोबी तुमचाच वाटा."

जो आत्ता पोरगी पळवायला आला होता, त्याच्याच हवाली ती पोरगी करत होती.

"मला तिची वेणी घालता येत न्हाई," तो म्हणाला.

"शिका."

पहिल्याच मंगळवारी ती घरी पोचली तर दाराला कुलूप. त्याचा फोन बंद. कमलबाईंकडं पोरगी नाही, शाळा कधीच सुटलेली. त्यांच्या मागं राजेश्वरला जायला शेवटची बस किती वाजता, हे विचारायला ती कोपऱ्यापर्यंत धावत गेली, तेवढ्यात पिकअप वळून आला. श्रीदेवी पुढच्या सीटवर झोपली होती, गालाला कलिंगडाचा चिकटा लागलेला.

"टायर बसला. फोनची बॅटरी..."

शिवकन्यानं भर रस्त्यात त्याला तोंडाला येईल ते सुनावलं. एरवी त्यानं एकाला चार शब्द ऐकवले असते. आज मान खाली घालून ऐकत राहिला, मग पोरीला उचलून तिच्या खांद्यावर दिलं.

"चुकलं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला वकिलाकडं घेऊन गेली आणि नवा वाटा कोर्टात द्यायच्या अर्जात लिहून घेतला. वार, वेळ, उशीर झाला तर आधी फोन करायचा, सगळं.

"एवढाबी विश्वास न्हाई?" त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून न्हाई."

त्यानं पेन उचललं, अर्ज पुन्हा एकदा वाचला आणि सही केली.