ऐकणाऱ्याचं नाव

केनवडच्या विठ्ठल मंदिरात बुवांनी अभंगाचं चरण सोडलं, की मागचे टाळकरी ते उचलतात. त्यातला एक आवाज सगळ्यांच्या मागून निघतो, जरा रेंगाळतो आणि मग असा वर जातो, की बुवाही डोळे मिटून थांबतात. तो आवाज नानाजींचा. वाशीमच्या रुग्णालयात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात रोज संध्याकाळी तो भिंतीवरच्या स्पीकरमधून येई. मंदिराशेजारची शाळा आणि हे रुग्णालय एकाच संस्थेचं. शाळेच्या इंटरनेट लाइनला मंदिराचा माइक कोणा भल्या माणसाने जोडून दिला होता. अंथरुणाला खिळलेली माणसं हरिपाठाला टाळ्या वाजवायची.

त्याच लाइनवर आणखी एक कान होता. वरच्या मजल्यावर, संगणक विभागात, हेडफोन लावून बसलेला. योगिनीचा. योगिनी म्हणजे नानाजींची मुलगी.

तिने संघदीपशी लग्न केलं त्याला सहा वर्षं झाली. नानाजी भांडले नाहीत की ओरडले नाहीत, फक्त बोलायचे थांबले. आई, सोजरबाई, अधूनमधून फोन करायची आणि "बरे हायेत" एवढंच सांगायची. कीर्तनात मात्र बाप जमलेल्या सगळ्यांसाठी गायचा, आणि त्या सगळ्यांत आपणही आलोच, असं योगिनी धरून चालायची. काम आटोपलं की तेवढा वेळ ती केनवडला असायची.

संस्थेचा पसारा मोठा. वाशीमला रुग्णालय, शेलूबाजारला दवाखाना, गावोगावी शाळा, औषधांची दुकानं. प्रत्येकाचे संगणक एकमेकांशी परस्पर बोलायचे. ज्याला जशी जमली तशी त्याने वाट काढली होती. मध्यंतरी बाहेरचं कोणीतरी औषध दुकानाच्या वाटेने आत शिरलं आणि पेशंटचे रिपोर्ट वाचून गेलं. तेव्हा संस्थेने ठरवलं, आता परस्पर काही नाही. सगळे निरोप एका मधल्या 'सर्विस बस'वरून, म्हणजे सगळ्या संगणकांच्या एकाच सामाईक वाटेने जातील. तिथे प्रत्येकाने आपली ओळख पटवायची, आणि कोणाला काय मिळावं हे ज्याची माहिती किंवा आवाज त्याने सांगायचं. त्याने हो म्हटलं नाही, तर ते नाहीच. हे काम योगिनीकडे आलं आणि हा नियमही तिनेच लिहिला.

जुन्या लाइनी शोधता शोधता तिच्या विभागातला हरीओम एक दिवस खुर्ची ओढून जवळ बसला.

"ताई, केनवडच्या लाइनवर दोघं जन ऐकून राह्यले. एक वॉर्ड. दुसरं तुमचं मशीन."

"माहंच हाये."

"मंग यादीत टाकून द्या ना तुमचं नाव. किल्ली तं तुमच्याच हाती हाये."

"आवाज भजनी मंडळाचा हाये, हरीओम. त्यायनं हो म्हनाले पायजे."

"मंडळाचे अध्यक्ष तुमचे बाबा!"

"म्हनूनच."

"नियम लिवनाऱ्याले थोडी सूट असते, ताई. साऱ्या दुनियेत असते."

ती हसली, पण दिवसभर तिला तेच डाचत राहिलं. कीर्तनाला दार नसतं. कोणीही यावं, मिळेल त्या कोपऱ्यात बसावं. पण आलेला माणूस दिसतो. शेजारचा सरकून जागा देतो, कोणी कपाळाला बुक्का लावतो. ती मात्र इतके दिवस कोणाला न दिसता बसली होती. बापाचा आवाज उष्ट्यासारखा उचलून खायचा, असं किती दिवस?

मंडळाचा होकार घ्यायला हरीओम केनवडला गेला. नानाजींच्या अंगणात सोयाबीन वाळत पडलं होतं. त्याने लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि फोन शेजारी. फोनवर इकडून योगिनी होती, आपला आवाज बंद करून. तसं तिनेच सांगितलं होतं. तेवढा धीर तिला नव्हता.

"काका, आता लाइनवर कोन ऐकाचं ते तुमी सांगाचं. तुमी हो म्हनसान त्यालेच ऐकू जाईन."

"कीर्तन ऐकाले परवानगी?" नानाजी हसले. "वा रे बाप्पा! उद्या पांडुरंगालेबी आधारकार्ड मागसान तुमी."

"त्याच लाइनीनं दवाखान्याचे रिपोर्ट जातेत, काका. उघडी ठेवली तं कोनीबी शिरते."

"बरं बरं. वॉर्डातल्या लोकायले हो लिही. अजून?"

"अजून एक नाव हाये." हरीओम जरा अडखळला. "योगिनीताई. रोज ऐकतेत."

सोजरबाई आत भांडी घासत होती, तो आवाज थांबला. योगिनीला फक्त कोंबड्यांचं टोचणं ऐकू येत होतं.

"रोज?" नानाजींनी विचारलं.

"रोज."

मग ते म्हणाले, "लिही. योगिनी नानाजी."

हरीओमने नाव टाकलं. पुन्हा टाकलं. "काका, हे घेऊन नाई राह्यलं. या नावाचं कोनी नाई म्हनते."

"नाई कसं? माही पोरगी हाये ते!"

"हो काका. पन ओळखपत्रावर नाव दुसरं हाये."

वाशीमला योगिनीचा हात कीबोर्डवर गेला. आपल्या नावाला माहेरचं नाव जोडून द्यायचं, एवढंच. यंत्राने ते घेतलं असतं, आणि बाबांना ते दुसरं नाव कधीच तोंडातून काढावं लागलं नसतं. तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवला.

"मंग राहू दे," नानाजी म्हणाले. "वॉर्डाचं तेवढं टाक."

"वॉर्डाचं टाक म्हने!" सोजरबाई ओल्या हातांनी बाहेर आली. "साऱ्या जिल्ह्याले आवाज वाटता, आन पोटच्या पोरीले नाई? नाव घेतल्यानं जीभ झडते का तुमची?"

"तू गप राय."

"सहा वर्सं गपच हावो मी."

नानाजी उठले. अंगणाच्या टोकापर्यंत गेले, सोयाबीनवरच्या कोंबड्या हाकलल्या, परत येऊन बसले.

"काय लिवलं हाये म्हनतं त्या ओळखपत्रावर?"

"योगिनी संघदीप."

नवी चाल बसवताना ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघत, तसंच त्यांनी ते नाव म्हणून पाहिलं. मग मोठ्याने, "योगिनी संघदीप. हो. लिही."

यंत्राने नाव घेतलं.

"झालं, काका. संध्याकाळपासून ऐकू जाईन."

"आन आता? आता बोललो तं?"

हरीओमने फोनकडे पाहिलं. योगिनीने आपला आवाज उघडला.

"ऐकू येते, बाबा."

पलीकडे सोजरबाईने पदर तोंडाला लावला असावा, तसा एक आवाज झाला. नानाजींनी घसा साफ केला.

"परवा एकादशीले माहा आवाज फाटला होता. तुले समजलं का व?"

"समजलं. मी इथं तुमाले द्याले पान्याचा गिलास उचलला."

"मंग?"

"मंग काय, बाबा. मीच पेलं."