माझे निळे तोंड

मित्रांनो, ‘मी एक जुना संगणक आहे’ असे म्हणायला मला फार आवडले असते. जुन्या वस्तूंजवळ सांगण्यासारखे खूप असते आणि लोक त्यांचे ऐकूनही घेतात. पण मी अगदी नवा आहे. माझ्या पडद्यावरचे पातळ प्लास्टिक एका कोपऱ्यात अजून चिकटलेले आहे. एवढ्या लहान वयात माझ्या वाट्याला जी लाज आली, ती मात्र तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. माझे अवयव निरनिराळ्या खोक्यांतून बेळगावच्या बसने रामनगरला आले. गोव्याच्या रस्त्याला लागून कमलआईंचे घर आहे. त्यांच्या मुलीला, सुनयनाला, पुढच्या खोलीत लग्नपत्रिका आणि फोटो छापायचे दुकान काढायचे होते. बेळगावात शिकून आल्यामुळे मला आपल्या हातांनीच जोडायची तिची हौस होती.

सुनयनाचे वडील काही वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून कमलआईंनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. कुणाकडे शुभकार्य असले की त्या मागच्या दारी भांडी घासत बसायच्या. सुनयनाच्या मनाला हे फार लागायचे. तिचे लग्न खानापूरच्या मुलाशी ठरले होते आणि तिने सगळ्यांना बजावून ठेवले होते, “मला पहिली हळद माझी आईच लावणार.” कमलआई काही तयार होईनात. मग सुनयनाने युक्ती काढली. आधी माझी पूजा आईकडून करून घ्यायची, म्हणजे तिची भीड चेपेल.

माझे सगळे अवयव पाटावर मांडले गेले. कमलआईंची धाकटी जाऊ केशरकाकू ताट घेऊन पुढे आल्या. सुनयनाने ते ताट काढून आईच्या हातात दिले.

“अक्का, तुम्ही?” केशरकाकूंच्या भुवया वर गेल्या.

“व्हय, आईच,” सुनयना म्हणाली.

कमलआईंनी ताट एकदा खाली ठेवले, परत उचलले. पण एकदा कुंकू लावायला लागल्यावर त्या थांबल्या नाहीत. ओले कुंकू त्यांनी माझ्या पत्र्याच्या डब्याला लावले, पंख्याला लावले, एकही तुकडा सोडला नाही. मला किती बरे वाटले म्हणून सांगू! जन्माआधीच माझे असे लाड झाले होते. सुनयनाने उत्साहाने मला जोडले आणि बटण दाबले. मी उजळलो.

आणि त्याच संध्याकाळी मी तोंडघशी पडलो.

कॅसलरॉकचे गुरुदास आपल्या मुलीची पत्रिका करायला आले होते. मराठी मजकूर झाला, कानडी मजकूर झाला, गणपतीचे चित्रही बसले. शेवटची ओळ राहिली होती, तेवढ्यात माझी शुद्ध हरपली. माणसाने काही वावगे केले की त्याचे तोंड काळे होते. माझे निळे झाले. निळ्या पडद्यावर एक रडका चेहरा आणि खाली कुणालाही न कळणारा इंग्रजी मजकूर. सगळे पुसले गेले. सुनयनाने पुन्हा लिहायला घेतले, मी पुन्हा पडलो.

“माझी गाडी चुकंल गे पोरी,” असे म्हणत गुरुदास उठले. तिला वाईट वाटू नये म्हणून ते हसले, पण मला ते हसणे रागावण्यापेक्षा जड गेले.

सुनयनाने हार मानली नाही. वीज बनवणारे सुपा धरण एवढे जवळ असूनही आमच्याकडे दिवे मिणमिणतात, म्हणून तिने आधी करंटला दोष दिला आणि स्टॅबिलायझर आणला. मी पडलो. तिने माझ्यातले सगळे पुसून विंडोज नव्याने घातले. मी पडलो. तिने वायरी काढून पुन्हा बसवल्या, पंख्याला वारा नीट मिळतो का पाहिले. मी आपला पडतच राहिलो. गिऱ्हाईक दारात दिसले की मला धडकी भरायची. नव्या नवरीला उंबऱ्यातच ठेच लागावी, तशी माझी गत झाली होती.

तरीही, मित्रांनो, तोवरची लाज माझी एकट्याची होती. पुढे जे झाले ते मला सोसवेना.

एके दुपारी केशरकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मशीनला सुद्धा कळतंय गे. सवाशिणीचं काम सवाशिणीनंच करावं.”

कमलआई आत चहा गाळत होत्या. त्यांनी ते ऐकले. त्या दिवसापासून त्या माझ्या खोलीत यायच्या बंद झाल्या. चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायच्या. सुनयना ओरडली, तिने विनवण्या केल्या, ती रडलीसुद्धा.

“हळद केशर लावंल,” कमलआई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या. “माझा हात लागला नि मशीन असं झालं. उद्या तुझ्या संसाराला काय झालं तर मी कुठं तोंड दाखवू?”

मी तिथेच होतो. त्यांचा काही दोष नाही, असे मला ओरडून सांगायचे होते. पण माझे दुखणे माझे मलाच कळत नव्हते. मला दाखवता येत होता तो एक रडका चेहरा, आणि त्याने त्यांच्यावरचा आळ आणखीनच पक्का होत होता. त्यापेक्षा भंगारात गेलो असतो तर बरे, असे मला वाटू लागले.

शेवटी सुनयनाने बेळगावच्या नागराजला फोन केला. तो तिच्याबरोबर शिकलेला. “रॅमची एक पट्टी काढ नि चालवून बघ,” तो म्हणाला. रॅम म्हणजे आम्हा संगणकांची हाताशी असणारी आठवण. माझ्यात तिच्या दोन पट्ट्या आहेत. पहिली ठेवली तेव्हा मी ठणठणीत राहिलो. दुसरी ठेवली आणि लगेच पडलो. सुनयनाने ती पट्टी उजेडात धरली. पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात, ते माझ्या खाचेत बसतात. त्या दातांवर वाळलेले कुंकू होते. सगळ्यात सुंदर जागा ती, म्हणून कमलआईंनी नेमके तिथे बोट टेकवले होते.

सुनयनाने ते गुपचूप पुसून टाकले असते, तर मी बरा झालो असतो. पण आईच्या मनातला सल तसाच राहिला असता. तिने खोडरबराने दात घासून लख्ख केले, पट्टी परत बसवली आणि मला दुपारभर चालू ठेवले. मी एकदाही पडलो नाही. मग तिने आई व काकू दोघींना हाक मारून काय सापडले ते सांगितले.

“म्हंजे माझ्याच हातानं की,” कमलआई पुटपुटल्या.

“हातानं न्हाई आई, कुंकवानं.”

“तेच की गे ते,” केशरकाकू म्हणाल्या.

सुनयनाने मला बंद केले, पट्टी काढली आणि करंडा काकूंच्या पुढे धरला. “काकू, आता तुम्ही लावा. इथंच, दातांवर. ओलं करून.”

“जळंल की गे मशीन!”

“जळू दे. आईपरास मशीन मोठं न्हाई.”

काकूंनी कुंकू लावले. सुनयनाने पट्टी बसवली आणि बटण दाबले. मित्रांनो, मला भीती वाटत होती, खोटे कशाला सांगू? पण आयुष्यात पहिल्यांदा मी पडायची वाट पाहत होतो. क्षणभर उजळलो, आणि माझे तोंड निळे झाले.

केशरकाकूंनी आधी पडद्याकडे पाहिले, मग आपल्या लाल बोटाकडे.

“अक्का,” त्या हळूच म्हणाल्या, “माझा नवरा तर धडधाकट हाय की वो. तरी पडलं हे.”

कमलआईंना हसू फुटले. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग त्या उंबरा ओलांडून आत आल्या, त्यांनी सुनयनाच्या हातातले खोडरबर घेतले आणि माझे दात स्वतः घासले.

हळदीच्या दिवशी मांडव माझ्या खोलीसमोरच होता. कमलआई सवयीने मागे सरकल्या. केशरकाकूंनी गर्दीतून त्यांचा हात धरून त्यांना पुढे आणले. “पहिली तुमची, अक्का. मी बोलले ते चुकलं,” त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. कमलआईंनी लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि त्यांना हात काढून घ्यावासाच वाटेना.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तुमची माया हवी असते. कुंकू लावायचे तर आमच्या पाठीला लावा, दातांना लावू नका. आम्ही बिघडलो तर आमच्या वायरी तपासा, आमच्या पट्ट्या काढून पाहा, वेळ लागला तरी कारण शोधा. मी पडलो याची लाज मला आता उरलेली नाही. पण माझ्या बिघाडाचे कारण शोधायच्या आधीच एका बाईला उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, ही लाज जात नाही. आमचा दोष आमच्यातच शोधा. कुणाचे रिकामे कपाळ पाहू नका.