डिस्क म्हणजे कुठली डिस्क

रविवारी सकाळी शर्यतीआधीच्या तपासणीच्या मांडवात गाड्या तपासणारा इंजिनिअर पृथ्वीराज मुजम्मिलच्या मारुतीपुढे उकिडवा बसला आणि चाकाच्या भोकातून आत बॅटरी मारून काहीतरी शोधू लागला, तेव्हाच इरमच्या मनात पाल चुकचुकली. कडेवर आठ महिन्यांची हिबा, खांद्याला दुपटी-बाटल्यांची पिशवी, आणि नजर पृथ्वीराजच्या हातातल्या पोलादी मोजपट्टीवर. लग्नाआधी तिने फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं, पण ही बघायची सवय कॉलेजातली नव्हती. ती हिबा झाल्यापासून लागली होती. काय सैल आहे, काय निसटेल, काय कुणाच्या अंगावर येईल, हे ती न ठरवता बघत राहायची. सासूबाई, खतिजाबी, म्हणायच्या, "ही घरात नांदतीया का पहारा देतीया, कळत न्हाय."

गाडी म्हणजे वीस वर्षांची मारुती आठशे. इरमच्या नवऱ्याचं, मुजम्मिलचं, शिवाजी पेठेत डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं. करवीर हौशी मोटार क्लब वर्षातून एकदा गावाबाहेरच्या माळावर शर्यत भरवायचा, आणि वर्षातून एकदा मुजम्मिल तहानभूक विसरायचा. यंदा त्याने बंपरखाली एअर डॅम बसवला होता. हवा गाडीच्या पोटाखाली शिरू नये म्हणून बंपरपासून जमिनीकडे उतरणारी फायबरची आडवी पट्टी. घरात तिचं नाव हनुवटी पडलं होतं. हनुवटीला इरमची परवानगी मिळाली ती एकाच अटीवर, की ती म्हणेल तितकी मजबूत झाली पाहिजे. म्हणून पट्टीची खालची कड आत दुमडलेली होती आणि त्या दुमडीतून दोन लोखंडी सळ्या थेट चासीला, गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने कसल्या होत्या. खात्री पटवायला मुजम्मिल त्या दुमडीवर चक्क पाय देऊन उभा राहिला होता.

पृथ्वीराज उठला. गुडघ्यावरची माती झटकत म्हणाला, "दोन इंच खाली येतेय. कापावी लागेल."

"कशाच्या खाली?" मुजम्मिलने विचारलं.

"डिस्कच्या. सातवा नियम." त्याने क्लबचा कागद वाचून दाखवला. "पुढच्या पट्टीची खालची कड डिस्कच्या खालच्या कडेपेक्षा खाली जाता कामा नये."

"मग न्हाईच की जात." मुजम्मिलने चाकाच्या लोखंडी भागावर थाप मारली. "ही काय डिस्क. पट्टी हिच्या वर हाय बोटभर."

"ती रिम झाली. डिस्क आत असते, ब्रेकची."

आता कोल्हापुरात कुठल्याही पंक्चरवाल्याला जाऊन विचारा. टायर ज्याच्यावर चढतो त्या लोखंडी चाकाला सगळे डिस्कच म्हणतात. डिस्क वाकली, डिस्क ठोकून आणली, नव्या डिस्का टाकल्या. ब्रेकचं बोलायचं असलं तर 'डिस्क ब्रेक' असं पुरं नाव घेतात. आठशेच्या ब्रेकची तबकडी केवढी, तर जेवणाच्या ताटापेक्षाही लहान. तिची खालची कड जमिनीपासून साडेपाच इंचांवर. त्या मापाने हनुवटी खरोखरच दोन इंच खाली होती. चाकाच्या मापाने ती बरोबर होती.

"साहेब, हा कागद कुणी लिहिलाय?" इरमने विचारलं.

"क्लबने."

क्लबने म्हणजे गणपतरावांनी. उद्यमनगरात चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस आणि आता क्लबचे सेक्रेटरी. इंग्रजी नियम पोरांना वाचता येत नाहीत म्हणून त्यांनीच ते मराठीत उतरवले होते, आणि वाद झाला तर मराठी कागद धरायचा असं क्लबने ठरवलं होतं. ते पाच हातांवर टेबलाशी बसून चहा पीत होते. सगळं त्यांच्या कानावर जात होतं. त्यांनी चहात बघायला सुरुवात केली.

"मॅडम, ब्रेकची डिस्क हीच खरी डिस्क," पृथ्वीराज समजावणीच्या सुरात म्हणाला. मोठ्या शहरात शिकून आलेला, वागायला सभ्य, पण लहान मुलाला सांगावं तसं बोलायची खोड. "गॅरेजमध्ये काहीही म्हणतात. टेक्निकल भाषा वेगळी असते."

"दोन इंचानं काय हुतंय," मुजम्मिल घाईने म्हणाला. "कापतो. ग्राइंडर हाय गाडीत."

इरमने हनुवटीच्या खालच्या कडेकडे बघितलं. दोन इंच म्हणजे नेमकी ती दुमड जाणार. दुमड गेली की सळ्या गेल्या. खाली राहणार फायबरचा नुसता पत्रा, वरच्या तीन स्क्रूंवर लोंबणारा. शंभरच्या वेगाला हवा तो मागे दाबणार आणि वळणावर तो पुढच्या चाकाखाली जाणार. गेल्या वर्षी याच ट्रॅकवर एकाचा सुटलेला बंपर असाच चाकाखाली गेला होता. गाडी कुशीवर पडली होती आणि तो माणूस तीन महिने अंथरुणात होता.

"कापायची नाही," ती म्हणाली.

"अगं, मग पळायचं कसं?"

"कापून पळायचं नाही. आणि न पळता घरीही जायचं नाही. पट्टी नियमात आहे."

वर्षभर शर्यतीच्या नावाने बोटं मोडणारी हीच का ती बाई, असा मुजम्मिलचा चेहरा झाला.

इरम पृथ्वीराजकडे वळली. "साहेब, मघाशी ती पिवळी पद्मिनी तपासलीत. तिच्या ब्रेकची डिस्क किती इंचांवर भरली?"

पिवळी पद्मिनी म्हणजे शाहूपुरीत स्पेअर पार्टचं दुकान असलेल्या उदयसिंहची जुनी गाडी. तो शेजारीच बोनेट उघडून उभा होता. "वहिनी, माझ्या म्हातारीला कशाला मधी वढता? ती आपली गप उभी हाय."

"भाऊजी, तुमच्या म्हातारीला डिस्क ब्रेक आहेत का?"

"कुटलं वो. चारी चाकांस्नी ड्रम ब्रेक. म्हातारीला असली थेरं परवडत न्हाईत."

आजूबाजूची दोन-चार पोरं हसली. पृथ्वीराज हसला नाही.

"म्हणजे ज्या गाडीला ब्रेकची डिस्कच नाही," इरम म्हणाली, "तिच्या पट्टीचं माप तुम्ही कशावरून घेतलंत? मी इथंच उभी होते. तुम्ही मोजपट्टी चाकाच्या लोखंडाला लावलीत आणि पास म्हणालात. मग त्यांच्या चाकाची ती डिस्क आणि आमच्या चाकाची ती रिम, हे कसं काय?"

"तिथं पर्याय नव्हता म्हणून..."

"नियमात पर्याय लिहिलाय का? सातवा नियम सगळ्या गाड्यांना एकच आहे ना? मग ज्या अर्थाने तो सगळ्या गाड्यांना लागू होतो तो अर्थ बरोबर, का अर्ध्या गाड्यांना लागूच होत नाही तो?"

पृथ्वीराजने कागद पुन्हा वाचला. खरं तर वाचण्यासारखं त्यात नवीन काही नव्हतं. "माझं मत मी सांगितलंय, मॅडम. शब्द डिस्क आहे."

मग इरम टेबलाकडे गेली. हिबाने तिची ओढणी मुठीत धरून ठेवली होती. "काका, शब्द तुमचा आहे. लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढं काय होतं?"

गणपतरावांनी कप बशीत ठेवला. "आता इंजिनिअर सायब म्हंत्यात तर..."

"साहेब काय म्हणतात ते मी ऐकलंय. तुम्ही काय लिहिलंत ते विचारतेय."

"पोरी, माझी मराठी गॅरेजातली. मीटिंगला सगळी हसली हुती त्या कागदाला. कशाला पुन्ना..."

इथे मात्र इरमचं डोकं फिरलं. पृथ्वीराजला माहीत नव्हतं, ते एक वेळ चाललं असतं. या माणसाला माहीत होतं. आपल्याला कुणीतरी अडाणी म्हणेल एवढ्या धास्तीपायी तो आपल्याच शब्दाचा भलता अर्थ ऐकून घेत चहा पीत बसला होता, आणि समोर एकजण ग्राइंडर काढायला निघाला होता.

"काका, तुम्हाला हसले त्याचं तुम्हाला एवढं लागलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मांडवातली बाकीची बोलणी थांबली. "आणि हा माणूस सळ्यांसकट पट्टी कापून वळणावर जाणार, त्याचं काहीच नाही? चाळीस वर्षं गाड्या उघडल्यात तुम्ही. सळ्या काढल्यावर ती पट्टी कुठं जाईल ते तुम्ही मला सांगा. सगळ्यांपुढं सांगा."

गणपतराव उठले. टोपी काढून पुन्हा घातली. "चाकाखाली जाईल," ते म्हणाले. मग पृथ्वीराजकडे न बघता, "इंग्रजीत व्हील रिम हुतं. आपल्याकडं रिम म्हटलं की पोरास्नी सायकल आठवती. म्हणून मी डिस्क लिवलं. चाकाचीच डिस्क. ब्रेकचं माझ्या मनातबी नव्हतं."

"बघा," मुजम्मिल म्हणाला.

पृथ्वीराजने मान हलवली आणि तपासणीच्या चिठ्ठीवर भराभर काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. शब्दात गोंधळ आहे. तुम्ही एवढ्या लहान बाळाला घेऊन उन्हात उभ्या आहात. खास बाब म्हणून सोडतो."

मुजम्मिलने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. इरमने ती आधी घेतली. 'खास बाब म्हणून परवानगी' असं लिहिलेलं वाचून तिने ती परत केली.

"हे नको."

"इरम, बास की आता," मुजम्मिल दबक्या आवाजात म्हणाला. "पैला पुकारा झालाय."

"शर्यत संपल्यावर अर्ध्या तासात कुणीही तक्रार करू शकतो, हे त्याच कागदात आहे. सवलत दिली होती असं निघालं की निकाल रद्द. आणि सवलत कसली? बाळाचा आणि पट्टीचा काय संबंध? मी काही मागायला आलेली नाही. गाडी नियमाप्रमाणे आहे, तेवढंच लिहा. सातव्या नियमात डिस्क म्हणजे चाकाची डिस्क. खाली तुमची सही, आणि काकांची."

पृथ्वीराज पेन हातात धरून गाड्यांच्या रांगेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तसं लिहिता येणार नाही. सकाळपासून तिघांच्या पट्ट्या कापायला लावल्यात मी. त्यांना काय सांगू?"

म्हणजे अडचण शब्दाची नव्हतीच. रांगेत उभ्या गाड्यांकडे इरमची नजर गेली आणि तिला त्या तिन्ही दिसल्या. एकीच्या बंपरखाली ग्राइंडरने कापलेली, फायबरचे तंतू सुटलेली कड वाऱ्यावर थरथरत होती. गाडी उभी असतानाच ही गत. याच गाड्या मुजम्मिलच्या पुढे-मागे पळणार होत्या.

"तुम्ही चुकलात हेच सांगा," ती म्हणाली. "आणि त्या पट्ट्या पूर्ण काढून मगच गाड्या सोडा."

"आता? सुरुवातीला दहा मिनिटं राहिलीत."

"मग वीस होऊ देत."

गणपतरावांनी पृथ्वीराजच्या हातातून पेन घेतलं. नवीन चिठ्ठीवर वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरात, ती म्हणाली तसं लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी पुढे सरकवली. पृथ्वीराजनेही सही केली. मग तो लाउडस्पीकरपाशी गेला आणि सुरुवात लांबल्याचं सांगितलं. कारण सांगितलं नाही. ते गणपतरावांनी माईक ओढून घेऊन सांगितलं.

मैदानात ओरड उठली. उन्हात थांबलेली माणसं इरमकडे बोट दाखवू लागली. "बायकांस्नी कशाला आणत्यात ट्रॅकवर," कुणीतरी मागून म्हणालं. हेल्मेट घातलेला मुजम्मिल गाडीत बसला होता. ते ऐकून तो उतरला आणि पाना घेऊन पहिल्या कापलेल्या पट्टीखाली आडवा झाला. उदयसिंह दुसरीखाली शिरला.

तिसऱ्या गाडीचा मालक कपाळाला आठ्या घालून इरमसमोर उभा राहिला. "सकाळी कापाय लावली, आता काढाय लावताय. नक्की करायचं काय आमी?"

"काढा," इरम म्हणाली. "आणि सकाळचा जाब त्यांना विचारा, मला नाही."

हिबा आता रडायला लागली होती. इरमने तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटत राहिली, पण सावलीत गेली नाही. तिसऱ्या पट्टीचा शेवटचा स्क्रू गंजला होता आणि निघायला वेळ लागत होता. ती तिथेच उभी राहून बघत होती.